कुत्र्याच्या अंगावरील गाठ : दुर्लक्ष नको, डागही नको

बैलाचे शिंग एका बाजूस कलले, तो वारंवार डोके झटकू लागला किंवा त्याच्या एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, म्हणजे अनुभवी शेतकऱ्याच्या मनात शिंगाच्या कर्करोगाची शंका येते व तो बैलास दवाखान्यात नेतो. परंतु तोच शेतकरी राखणीच्या कुत्र्याच्या अंगावर गाठ आली तर सहसा जागचा हलत नाही. कुत्रा खातो आहे, भुंकतो आहे, रात्री मळ्याभोवती फिरतो आहे. मग गाठीचे काय मोठेसे, असे त्यास वाटते. गाठ फुटून तीस माश्या बसू लागल्या म्हणजे मग धावाधाव सुरू होते, आणि तोवर बहुधा वेळ टळून गेलेली असते.

एखाद्या वस्तीवर दोन कुत्रे आहेत, अशी कल्पना करावी. एक नऊ वर्षांचा व अंगाने जड. त्याच्या छातीखाली लिंबाएवढी मऊ गाठ लोंबते. ती पाहून घरातील माणसे घाबरतात. हा कर्करोग आहे, मुलांना लागेल, असे म्हणून त्यास दूर सोडून देण्याची भाषा सुरू होते. दुसरा सहा वर्षांचा व चपळ. त्याच्या मांडीवर हरभऱ्याएवढी तांबूस पुटकुळी आहे. गोचीड चावला असेल म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. फार तर कोणी तीस डाग देण्यास सांगतो. तपासणी केल्यावर पहिल्याची गाठ निव्वळ चरबीची आणि दुसऱ्याची पुटकुळी जिवावर बेतणारी निघावी, हे मुळीच अशक्य नाही. डोळ्यांना जी भयंकर दिसते ती निरुपद्रवी व जी क्षुल्लक दिसते ती घातक, असा उलटा प्रकार कुत्र्याच्या गाठींत नेहमी आढळतो. म्हणून गाठ पाहून किंवा चाचपून तिचा निकाल कोणीही देऊ नये, ही या विषयातील पहिली व मुख्य गोष्ट होय.

गाठी किती प्रमाणात आढळतात ?

कुत्र्याच्या शरीरात जितक्या प्रकारच्या गाठी होतात, त्यांत त्वचेच्या व त्वचेखालील गाठींचा क्रमांक पहिला लागतो. सर्वसाधारणपणे कुत्र्यांतील एकूण गाठींपैकी सुमारे एकतृतीयांश गाठी याच असतात. ब्रिटनमध्ये विमा उतरविलेल्या 1 लाख 30 हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी करण्यात आली होती व तिचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीनुसार दर 1 लाख कुत्र्यांमागे वर्षाला 1,437 कुत्र्यांस त्वचेची किंवा त्वचेलगतच्या मऊ भागाची गाठ झाली. म्हणजे दर 70 कुत्र्यांत वर्षाला सुमारे एक. ज्या गावात शंभर-सव्वाशे पाळीव कुत्री आहेत, तेथे या प्रमाणाने दरवर्षी एकदोन कुत्र्यांस तरी नवी गाठ व्हावयाची.

अर्थात ब्रिटनमधील पाळीव कुत्री व आपल्या वाडीवस्तीवरील कुत्री यांच्या राहणीत फरक आहे. तेथे माद्यांचे निर्बीजीकरण लहान वयातच करण्याची चाल आहे. आपल्याकडे बहुतेक माद्या तशाच राहतात व कुत्री मोकळी हिंडतात. त्यामुळे मादीच्या स्तनांतील गाठी व समागमातून पसरणारी गाठ या दोन प्रकारांकडे आपल्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे.

गाठ म्हणजे कर्करोगच, असे मात्र नाही. कुत्र्याच्या त्वचेतील गाठींपैकी साधारण शंभरास 20 ते 40 गाठी घातक असतात. उरलेल्या सौम्य असतात. म्हणजे दहा गाठींपैकी सहा ते आठ गाठींबाबत घाबरण्याचे कारण नाही. परंतु उरलेल्या दोन ते चार कोणत्या, हे तपासणीवाचून कळत नाही.

सौम्य गाठ व घातक गाठ

त्वचेतील पेशी सतत झिजतात व त्यांच्या जागी नव्या पेशी तयार होतात. हे काम नियमाने चालते तोवर त्वचा निरोगी राहते. काही पेशी हा नियम सोडून अमर्याद वाढू लागल्या म्हणजे गाठ तयार होते. सौम्य गाठ आपल्या जागीच हळूहळू वाढते व शेजारच्या भागात शिरत नाही. घातक गाठ शेजारच्या भागात मुळे पसरते. तिच्या पेशी रक्तातून किंवा लसिकेतून जवळच्या लसिकाग्रंथी, यकृत, प्लीहा, फुप्फुस अशा अवयवांत जाऊन तेथे नव्या गाठी निर्माण करतात. पहिली गाठ लहान असतानाच ती मुळासकट काढली तर पुष्कळ वेळा कुत्रा वाचतो. आत पसरल्यावर उपाय थोडे उरतात.

दिसावयास गाठीसारख्या असणाऱ्या काही गोष्टी गाठी नसतात, हेही ध्यानात घ्यावे. रक्त पिऊन फुगलेला गोचीड, काटा मोडून झालेले गळू, मारामारीत चावा लागून झालेली सूज, कान झटकून झटकून कानाच्या पाळीत साचलेले रक्त, बेंबीजवळचा अंतर्गळ, इतकेच काय तर नराच्या पोटावरील साधी स्तनाग्रे, या सर्वांस गाठ समजण्याची चूक होते. गळू बहुधा दोनचार दिवसांत वाढते, गरम लागते व दुखते. गाठ बहुधा दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

नेहमी आढळणाऱ्या गाठी

तीन वर्षांखालील कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर बटणासारखी गोल, तांबडी व केस गळालेली गाठ एकाएकी उठते. तीस हिस्टिओसायटोमा म्हणतात. ब्रिटनमधील वरील पाहणीत सर्वांत अधिक आढळलेली गाठ हीच होती. तिचे प्रमाण 1 लाखास 337 होते. ती झपाट्याने वाढते, त्यामुळे भीती वाटते. परंतु बहुधा दोन-तीन महिन्यांत ती आपोआप जिरून जाते. लहान पिल्लांच्या तोंडात व ओठांवर विषाणूमुळे चामखिळी येतात, त्याही बहुतेक आपोआप जातात. मात्र त्या एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागतात, म्हणून अशा पिल्लाचे खाण्यापिण्याचे भांडे वेगळे ठेवावे.

मध्यम व उतार वयात, विशेषतः लठ्ठ कुत्र्यांत, चरबीची गाठ होते. ती मऊ असते व बोटाखाली सरकते. छाती, पोट व काख या तिच्या नेहमीच्या जागा होत. तिचे प्रमाण त्याच पाहणीत 1 लाखास 318 होते. चालण्यास अडथळा होत नसेल तर ती काढण्याची घाई नसते. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या अंगावर त्वचेच्या तैलग्रंथींपासून चामखिळीसारख्या खडबडीत गाठी येतात. त्याही बहुधा सौम्य असतात.

घातक गाठींत मास्ट पेशींची गाठ सर्वांत महत्त्वाची आहे. कुत्र्याच्या त्वचेतील घातक गाठींत तिचे प्रमाण सर्वांत जास्त असते. बॉक्सर, पग, लॅब्राडोर या जातींत ती अधिक आढळते. परंतु गावठी कुत्र्यासही ती होऊ शकते. तिचे सोंग ओळखणे अवघड असते. कधी ती पुटकुळीसारखी, कधी चरबीच्या गाठीसारखी मऊ, तर कधी फुटलेल्या जखमेसारखी दिसते. तिच्या पेशींत हिस्टॅमिन नावाचे द्रव्य साठलेले असते. गाठ चोळली, दाबली किंवा भाजली म्हणजे ते द्रव्य बाहेर पडते, गाठ व तिच्या भोवतालचा भाग एकदम सुजून लाल होतो, आणि पुढे कुत्र्यास उलट्या किंवा काळी हगवणही लागू शकते. आज मोठी, उद्या लहान, अशी जी गाठ दिसते तिच्याविषयी विशेष संशय धरावा.

पांढऱ्या, आखूड केसांच्या व दुपारी उन्हात पोट वर करून लोळण्याची सवय असणाऱ्या कुत्र्यांस पोटाच्या उघड्या त्वचेवर उन्हामुळे कर्करोग होऊ शकतो. प्रथम त्वचा लाल व खरबरीत होते, नंतर खपली धरते व जखम भरून येत नाही. अशा कुत्र्यास दुपारी सावलीची जागा करून देणे हा सोपा व बिनखर्चाचा प्रतिबंधक उपाय होय.

मादीच्या स्तनांतील गाठी

मादीच्या पोटावर सामान्यतः स्तनांच्या पाच जोड्या असतात. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत वय वाढेल तसे या स्तनांत गाठी होण्याचे प्रमाण वाढते. मागील दोन जोड्यांत त्या अधिक आढळतात. यांपैकी सुमारे निम्म्या गाठी घातक असतात. गाठ तीन सेंटिमीटरांहून, म्हणजे साधारण मोठ्या सुपारीहून, लहान असतानाच काढली तर मादी वाचण्याची आशा पुष्कळ अधिक असते.

या गाठींचा मादीच्या माजाशी संबंध आहे. 1969 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पहिल्या माजापूर्वी निर्बीजीकरण केलेल्या मादीस स्तनाच्या कर्करोगाचा धोका, निर्बीजीकरण न केलेल्या मादीच्या मानाने, शंभरास अर्धा एवढाच राहतो. पहिल्या माजानंतर केल्यास तो 8 व दुसऱ्या माजानंतर केल्यास 26 होतो. या आकड्यांबाबत पुढे संशोधकांनी सावधगिरीचा इशारा दिला आहे. त्यामुळे ते अगदी काटेकोर मानू नयेत. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत फार लवकर निर्बीजीकरण केल्यास सांध्यांचे विकार संभवतात, म्हणून योग्य वय पशुवैद्यास विचारूनच ठरवावे. परंतु पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे लांबणीवर टाकू नये.

समागमातून पसरणारी गाठ

मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्यांत नर-मादीच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, लालसर व सहज रक्त येणारी गाठ होते. कधी ती नाकावर किंवा तोंडातही होते, कारण कुत्री एकमेकांस हुंगतात व चाटतात. जननेंद्रियातून थेंबथेंब रक्त पडू लागले म्हणजे मादी माजावर आहे असे समजून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. माजाचा काळ उलटूनही रक्त थांबत नसेल तर ही गाठ असण्याचा संभव असतो.

हा रोग जंतूंमुळे होत नाही. आजारी कुत्र्याच्या गाठीतील जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात, जणू कलम केले जावे तशा. 1876 साली नोव्हिन्स्की या रशियन पशुवैद्याने एका कुत्र्याची अशी गाठ दुसऱ्यावर रुजवून हे दाखवून दिले. कित्येक हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्यात निर्माण झालेल्या पेशींचाच हा वंश आजवर एका कुत्र्यातून दुसऱ्यात जगत आला आहे, असे अलीकडील संशोधनाने सिद्ध केले आहे. माणसांस किंवा गुराढोरांस ही गाठ होत नाही.

समाधानाची गोष्ट अशी की, या रोगावर उत्तम औषध आहे. व्हिनक्रिस्टीन या औषधाची शिरेतून आठवड्यास एक याप्रमाणे साधारण चार ते सहा इंजेक्शने दिली म्हणजे बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध मुळात घरोघरी अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळते. परंतु म्हणून सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्यास पाजण्याचा विचारही करू नये. ती वनस्पती विषारी आहे. औषधही शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस कुजते, म्हणून ते पशुवैद्यानेच द्यावयाचे असते. दोन इंजेक्शनांत गाठ दिसेनाशी झाली तरी उपचार मध्येच सोडू नये.

घरगुती उपायांचे तोटे

गाठीस तापलेल्या लोखंडाने डाग देणे, बिब्बा किंवा चुना लावणे, मोरचूद भरणे, घोड्याचा केस किंवा दोरा आवळून बांधणे, हे उपाय अजूनही काही ठिकाणी केले जातात. त्यांनी वरचा भाग जळतो किंवा गळून पडतो. पण मुळे आत तशीच राहतात. जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात. मास्ट पेशींची गाठ असेल तर डाग देताच कुत्र्याची प्रकृती एकाएकी ढासळू शकते. शिवाय जळालेल्या मांसाची तपासणी नीट होत नाही, त्यामुळे पशुवैद्याचे काम अवघड होते आणि जनावरास व्यर्थ यातना होतात त्या वेगळ्याच. दुकानातून सूज उतरविण्याच्या गोळ्या आणून देणेही घातक आहे. त्यांतील काही औषधांनी गाठ तात्पुरती आक्रसते, रोग झाकला जातो व महत्त्वाचे महिने वाया जातात.

महिन्यातून एकदा तपासणी

तपासणीस पाच मिनिटे पुरतात. अमावस्या किंवा बाजाराचा पहिला दिवस, असा एखादा न विसरता येणारा दिवस ठरवावा. गोचीड काढतानाच हे काम केले तर वेगळा वेळ लागत नाही. कुत्रा ज्याच्या हाताखालचा असेल त्यानेच त्यास धरावे. डोके, कान, मान, छाती, काखा, पोट, मांड्या, शेपटीखालचा भाग व पायांची बोटे, या क्रमाने बोटांच्या पेरांनी हलके चाचपत जावे. मादीचा प्रत्येक स्तन चिमटीत धरून पाहावा. जननेंद्रिय व गुदद्वार नजरेने तपासावे. गाठ सापडली तर ती दाबू किंवा चोळू नये.

एक इशारा येथे अवश्य दिला पाहिजे. लाळ गाळणाऱ्या, विनाकारण चावा घेणाऱ्या, आवाज बदललेल्या किंवा खालचा जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात गाठ शोधण्यासाठी कधीही हात घालू नये. ती रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा कुत्र्यापासून दूर राहून ताबडतोब पशुवैद्यास कळवावे.

गाठ सापडल्यास चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : तारीख, जागा, आकार आणि स्वरूप. मोजपट्टी नसेल तर ज्वारीचा दाणा, हरभरा, वाटाणा, बोर, सुपारी, लिंबू अशा ओळखीच्या वस्तूंशी तुलना करावी. वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ महिनाभर टिकून राहिली, तर ती कशीही दिसो, दवाखान्यात दाखवावी. गाठ झपाट्याने वाढत असेल, फुटली असेल, तिचा रंग बदलला असेल, ती खाली घट्ट चिकटलेली असेल, किंवा ती तोंडात, पायाच्या बोटात अथवा स्तनात असेल, तर महिनाही थांबू नये.

दवाखान्यात काय करतात ?

पशुवैद्य गाठीत बारीक सुई घालून तिच्यातील पेशी काढतात, त्या काचेच्या पट्टीवर पसरून रंगवितात व सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. इंजेक्शन टोचण्याइतकाच त्रास कुत्र्यास होतो. बहुधा भूल द्यावी लागत नाही. सुईने रोग पसरेल ही भीती मनात बाळगू नये. सुईने निदान झाले नाही तर गाठीचा तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेकडे पाठवितात. गाठ घातक ठरल्यास ती भोवतालच्या दोन-तीन सेंटिमीटर निरोगी त्वचेसह काढावी लागते. म्हणूनच गाठ हरभऱ्याएवढी असताना जे काम लहान जखमेत होते, तेच ती लिंबाएवढी झाल्यावर, विशेषतः पायावर, जवळजवळ अशक्य होऊन बसते. काढलेली गाठ फेकून न देता तपासणीस पाठविण्याचा आग्रह मालकाने धरावा. मुळे मागे राहिली की नाही हे त्यावरून कळते.

तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसल्यास पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा उपयोग करून घ्यावा. 1886 साली परळ येथे सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालये या कामी मार्गदर्शन करू शकतात.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे ?

रेबीजविरोधी लसीकरणाच्या शिबिरास कुत्री एकत्र येतात. त्याच वेळी मालकांस गाठीची तपासणी करून दाखवावी. संशयित कुत्र्यांची यादी करून ती पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे; ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय मांडावा. निर्बीजीकरणामुळे कुत्र्यांची संख्या आटोक्यात येते, समागमातून पसरणारी गाठ कमी होते व मादीच्या स्तनांतील गाठींसही आळा बसतो. गाठ झालेल्या कुत्र्यापासून माणसांस कर्करोग होत नाही, हे घरोघर समजावून सांगावे, म्हणजे केवळ भीतीपोटी कुत्री रानात सोडून देण्याचे प्रकार थांबतील.

पुन्हा त्या वस्तीवरील दोन कुत्र्यांकडे पाहावे. दोघांनाही एकाच दिवशी दवाखान्यात नेले असते, तर छातीखाली लिंबाएवढी गाठ असणारा म्हातारा निर्धास्तपणे घरी परतला असता आणि उरलेली वर्षे त्याने ओसरीवरच काढली असती. मांडीवर पुटकुळी असणाऱ्या दुसऱ्याची गाठ वेळीच निघाली असती व तो पुढील हंगामातही कणसांची राखण करीत राहिला असता. दोघांच्या बाबतीत लागला असता तो एक हेलपाटा आणि एक बारीक सुई. रात्रभर जागून जो आपले पीक व शेळ्या-मेंढ्या राखतो, त्याच्यासाठी महिन्याकाठी पाच मिनिटे देणे कोणत्याही शेतकऱ्यास जड जाऊ नये.